गिटारचे पिकअप बदलायचेत? आधी स्क्रू ड्रायव्हर काढा, पाकीट नंतर

गेल्या श्रावणात मिरजेहून एक पोरगा माझ्याकडे सांगलीला आला. पाठीवर इलेक्ट्रिक गिटार, हातात मोबाइल, आणि मोबाइलवर अमेरिकन पिकअपच्या (तारांखाली बसून त्यांची थरथर पकडणाऱ्या भागांच्या) एका सेटचा फोटो. "दादा, हे मागवू का? आवाज लई पातळ येतोय. गणपतीत वाजवायचंय." किंमत बघितली तर त्याच्या अख्ख्या गिटारपेक्षा जास्त. म्हटलं, आधी गिटार पिशवीतून बाहेर तर काढ.

काळी, स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची, सुरुवातीला सगळे घेतात तसली गिटार. ब्रिजजवळचा, म्हणजे गिटारच्या घोडीजवळचा पिकअप प्लॅस्टिकच्या पिकगार्डमध्ये पार बुडालेला, तारेपासून चांगला सहा-सात मिलिमीटर खाली. छोटा स्क्रू ड्रायव्हर घेतला, दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून पिकअप वर आणला, अँप लावून वाजवायला दिलं. आवाज भरला. "एवढंच?" म्हणाला, आणि चेहरा थोडा पडला. पैसे वाचले याच्या आनंदापेक्षा नवी वस्तू घ्यायची हौस राहिली याचं दुःख जास्त. मला ते कळतं, मीही त्यातलाच आहे. फी म्हणून भडंगाचा पुडा ठेवून गेला.

ज्यांना पहिल्यांदाच पिकअप बदलायचे आहेत त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय. बदलू नका असं माझं म्हणणं नाही. पण ज्या क्रमाने लोक जातात तो उलटा असतो: आधी खरेदी, मग बसवाबसवी, मग "अरे, हे आपल्याला हवं होतं का?" मिरजेत सतार-तानपुऱ्याचं काम दीडशेहून जास्त वर्षं चाललंय, २०२४ मध्ये दोन्ही वाद्यांना जीआय मानांकनही मिळालं. तिथे तानपुऱ्याचा आवाज बसला म्हणून कुणी थेट भोपळा बदलत नाही. आधी घोडीवरची जवारी, म्हणजे तार जिथे टेकते तो घासून जमवलेला माथा, बघतात. गिटारवाल्यांनी ही सवय उचलावी.

पिकअप म्हणजे काय, थोडक्यात

लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. चुंबकाच्या टापूत पोलादी तार थरथरली की वेढ्यांमध्ये इवलीशी वीज तयार होते, ती केबलमधून अँपकडे जाते. फॅरडेने १८३१ मध्ये जे दाखवलं तेच, फक्त इथे पाच स्वरांच्या पेन्टॅटॉनिक स्केलमध्ये. स्ट्रॅटच्या एका पिकअपवर साधारण आठ हजार वेढे असतात आणि तार असते ०.०६ मिलिमीटरची, म्हणजे केसाएवढी. अमेरिकन मापात ही ४२ गेज. आपल्याकडचे मोटर रिवाइंडिंगवाले ब्रिटिश गेज धरतात, त्यांची ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटरची, म्हणजे बरीच जाड. कुणाला "गावातच गुंडाळून घेऊ" असं सुचलं तर तार गेजमध्ये मागू नका, मिलिमीटरमध्ये मागा.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच. पिकअप हा मायक्रोफोन नाही. हवेतला आवाज तो ऐकत नाही, तारेची हालचाल ऐकतो, आणि तीही लोखंड असलेल्या तारेची. तानपुऱ्याची खर्जाची पितळी तार पिकअपसमोर कितीही छेडा, मुकीच राहणार.

तक्रार एका वाक्यात लिहा

वही घ्या आणि लिहा: मला नेमकं काय खुपतंय? "आवाज चांगला नाही" हे उत्तर चालणार नाही, ते ताप आलेल्या माणसाने डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगण्यासारखं झालं. "ब्रिजवर क्लीन वाजवलं की कानात टोचतं." "नेकवर खालच्या तारांचा चिखल होतो." "डिस्टॉर्शन वाढवलं की शिट्टी येते." "घरी ठीक, मांडवात गेलं की घूंऽऽ." अशी वाक्यं हवीत. कोणता पिकअप, कोणता आवाज, कधी. (ब्रिजवर म्हणजे ब्रिजजवळच्या पिकअपवर, नेकवर म्हणजे गिटारच्या मानेजवळच्या. क्लीन म्हणजे स्वच्छ आवाज, डिस्टॉर्शन म्हणजे मुद्दाम फाडलेला.)

वाक्य लिहिलं की निम्म्या तक्रारी पिकअपच्या नाहीतच हे दिसायला लागतं. सहा महिने न बदललेल्या तारा कुठल्याही पिकअपवर मेलेल्याच वाजणार. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर पॉट, म्हणजे त्या बटणाखालचा फिरता रोधक, साफ करायचा. केबल हलवल्यावर आवाज जात असेल तर जॅक. यातल्या प्रत्येक गोष्टीला पिकअपच्या मानाने किरकोळ खर्च येतो, म्हणून त्या आधी.

हमचं, म्हणजे त्या घूंचं, जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. सिंगल कॉइल, म्हणजे वेढ्यांचं एकच गुंडाळं असलेला पिकअप तारेची हालचाल पकडतो तसाच घरातल्या वायरिंगचं, ट्रान्सफॉर्मरचं, डिमरचं चुंबकीय क्षेत्रही पकडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घूं त्या सुरात आणि त्याच्या वरच्या पटीत ऐकू येते. खात्री करायची तर गिटार गळ्यात अडकवून खोलीत जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घूं वाढेल, एका दिशेला जवळजवळ नाहीशी होईल. तसं झालं तर पिकअप बिघडलेला नाही, तो त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतोय. हा स्वभाव नको असेल तर हंबकर (दोन गुंडाळ्यांचा, हम मारणारा पिकअप) किंवा हम न देणारा सिंगल कॉइल घ्या. हे पिकअप बदलायचं अगदी रास्त कारण आहे. गणपतीच्या मांडवात डोक्यावर चमकणाऱ्या माळा, त्यांचा कंट्रोलर आणि बाजूला डीजेचे अँप, अशा ठिकाणी साधा सिंगल कॉइल वाजवणं म्हणजे स्वतःहून भांडण ओढवून घेणं.

तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर गिटारची अर्थिंगची तार जागेवर आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर आतली एखादी जोडणी सुटली किंवा उलटी झाली आहे. आणि माइकला ओठ लागल्यावर मुंग्या येत असतील तर गिटार खाली ठेवा. तिथल्या वायरिंगच्या अर्थिंगची ती गडबड आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा, तोवर वाजवू नका. गिटारच्या तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, यात गंमत नाही.

शिट्टीवाल्यांसाठी एक मजेशीर परीक्षा: अँपवर गेन वाढवा, तारा हाताने दाबून धरा आणि पिकअपच्या तोंडाशी जाऊन "हॅलो" म्हणा. अँपमधून तुमचा हॅलो ऐकू आला तर पिकअपचे वेढे आत सैल आहेत, मेण नीट भरलेलं नाही. मोठ्या आवाजात तो शिट्टी मारणारच. घरच्या गॅसवर मेण वितळवून त्यात पिकअप बुडवणारे महाभाग मी पाहिले आहेत. मेण पेट घेतं, वेढ्याचं प्लॅस्टिक वाकतं. त्या वाटेला जाऊ नका, असा पिकअप बदलणंच बरं.

उंची

आता आपली जवारी, म्हणजे पिकअपची उंची. सगळ्या तारा शेवटच्या पट्टीवर (फ्रेटवर) दाबून धरा. जाड तारेच्या खालच्या कडेपासून तिच्या खालच्या पोल पीसच्या (पिकअपवर दिसणाऱ्या धातूच्या दांडीच्या) माथ्यापर्यंतचं अंतर मोजा, मग बारीक तारेचं. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची मोजपट्टी पुरते.

स्ट्रॅटच्या जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलला जाड बाजूला साधारण २.४ आणि बारीक बाजूला २ मिलिमीटर ही सुरुवात. हंबकर असेल तर ब्रिजला १.६, नेकला २.४. ही सुरुवातच आहे, देववाणी नाही. तिथून अर्धा-अर्धा आटा फिरवा, वाजवा, ऐका. नेकजवळ तार मोठी हेलकावते, म्हणून नेकचा पिकअप थोडा खाली ठेवावा लागतो. ब्रिजजवळ ती जेमतेम हलते, म्हणून तिथला वर. दोन्हीकडे आवाजाची पातळी सारखी आली की थांबा.

जास्त वर नेऊ नका. अल्निकोच्या (एका चुंबकी मिश्रधातूच्या) दांड्या असलेले सिंगल कॉइल तारेला इतके ओढतात की बाराव्या पट्टीच्या वर जाड तारांवर सूर डळमळतो, एकाच स्वरात दोन स्वर भांडताना ऐकू येतात. माझ्या ओळखीत एकाने यासाठी गिटारचा नेक सरळ करून घेतला, तारा तीनदा बदलल्या. दोष पिकअपच्या उंचीचा होता.

हे सगळं करून चार दिवस वाजवा. वहीतलं वाक्य तरीही खरं असेल तर पुढे चला.

न उघडता मोजणी

साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, ज्या पिकअपचं माप हवं तो निवडा. मीटर २० किलोओमवर ठेवून त्याची एक काडी केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पिनच्या टोकाला, दुसरी त्या पिनच्या नळीला. स्ट्रॅटच्या घाटाच्या सिंगल कॉइलला ५.५ ते ६.५ च्या आसपास आकडा येतो, जुन्या पद्धतीच्या हंबकरला ७.५ ते ८.५. व्हॉल्यूमचा पॉट समांतर जोडलेला असतो, म्हणून खऱ्यापेक्षा आकडा किंचित कमी दिसतो: ८ चा पिकअप ५०० किलोओमच्या पॉटबरोबर ७.८७ दाखवेल. मीटर नुसता "१" (म्हणजे रोध मापाबाहेर) दाखवून गप्प बसला तर पिकअप आतून तुटलाय. मग बाकी विचार करायची गरज नाही, बदला.

हे आकडे आणि तारीख वहीत लिहून ठेवा. आणि हो, तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास. म्हणजे डिसेंबरच्या पहाटे पंधरा अंशात ८ दाखवणारा पिकअप एप्रिलच्या दुपारी चाळीस अंशात ८.८ दाखवेल. सांगलीच्या उन्हाळ्यात "कंपनीने दिलेला आकडा आणि माझा आकडा जुळत नाही" म्हणून पार्सल परत करू नका.

माप जुळतंय का

माझा पहिला पिकअप मी बसवायच्या आधीच मारला. नेकसाठी सिंगल कॉइल आणला होता. जुन्या गिटारचं पांढरं झाकण मला आवडायचं, वापरून थोडं पिवळसर झालेलं, तेच नव्या पिकअपवर चढवायचं ठरवलं. झाकणाची भोकं जरा आत होती, नव्या पिकअपच्या दांड्या जरा बाहेर. फरक चार मिलिमीटरचा असेल. मी दाबलं. अडकलं. मग उपसायला गेलो तेव्हा नखाला काहीतरी लागलं, कोळ्याच्या जाळ्याचा धागा लागावा तसं. बघतो तर तांबूस रंगाचा एक तंतू वेढ्यातून बाहेर लोंबत होता. आवाजसुद्धा झाला नाही. मीटर लावला, "१". दोन महिन्यांची बचत, संपली. दुकानाचा दोष नव्हता, पिकअपचा नव्हता, मोजपट्टी कपाटात पडून होती एवढंच.

तेव्हा मागवण्याआधी हे मोजा. पहिल्या तारेच्या पोल पीसच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत किती. स्ट्रॅटच्या घाटात बहुतेक ठिकाणी ५२ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण स्वस्त गिटारींमध्ये नेकला ४८, मधे ५०, ब्रिजला ५२ अशी चढती मापंही सापडतात. हंबकरमध्ये दोन घराणी: गिब्सनच्या घाटाला साधारण ५०, आणि फेंडरच्या किंवा फ्लॉइड रोझच्या ब्रिजला साधारण ५३. विक्रीच्या पानावर याला एफ स्पेस्ड किंवा ट्रेम असं काहीतरी म्हटलेलं असतं. आवाजाच्या दृष्टीने मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर आभाळ कोसळत नाही. डोळ्याला खुपतं आणि झाकण बसत नाही, हा खरा त्रास.

त्याहून महत्त्वाची खोली. हंबकरच्या खालच्या पत्र्याला दोन बाजूंना पाय असतात, ते काहींचे लांब, काहींचे आखूड. पातळ बॉडीच्या गिटारमध्ये लांब पायांचा पिकअप तळाला टेकतो आणि खाली जातच नाही, मग उंचीचा सगळा खेळ गेला. पिकगार्ड उघडून खाचेची खोली मोजा. पिकगार्ड उघडलाच आहे तर हेही बघून घ्या की ब्रिजखाली लाकडात हंबकरएवढी मोठी खाच आहे की फक्त सिंगल कॉइलची. बऱ्याच गिटारींमध्ये मोठी खाच आधीच कोरलेली असते, फक्त प्लॅस्टिकचा पिकगार्ड बदलायचा. नसेल तर छिन्नी घेऊन बसू नका. त्याच खाचेत मावणारे, सिंगल कॉइलच्या आकाराचे हंबकर मिळतात.

टेलिकास्टरवाल्यांनो, तुमचा नेक पिकअप स्ट्रॅटपेक्षा अरुंद असतो आणि ब्रिजचा वेगळ्याच आकाराचा. "टेलीसाठी" असं लिहिलेलंच घ्या.

कुठल्या जातीचा घ्यायचा

सिंगल कॉइल: स्वच्छ, टोकदार, बोटांचा प्रत्येक बारकावा सांगणारा, आणि घूं करणारा. तीन पिकअपच्या गिटारमध्ये मधला पिकअप उलट्या वेढ्याचा आणि उलट्या चुंबकाचा असेल तर निवडकळीच्या (पिकअप निवडायच्या स्विचच्या) दुसऱ्या आणि चौथ्या जागी हम गळून पडतो. नवा सेट घेताना मधला तसा आहे ना, विचारून घ्या. फक्त एकच बदलणार असाल तर जास्तच विचारा.

पी-९० हा १९४६ पासूनचा गिब्सनचा सिंगल कॉइल. रुंद, चपटा, जरा रांगडा. मला मनापासून आवडतो, पण घूं यालाही आहेच आणि साध्या स्ट्रॅटमध्ये तो सरळ बसत नाही.

हंबकर म्हणजे शेजारी शेजारी दोन वेढे, एकमेकांच्या उलट गुंडाळलेले, चुंबकाची तोंडंही उलट. तारेचा आवाज दोन्हीकडून येऊन एकमेकांत मिळतो, बाहेरचा हम एकमेकांना खाऊन टाकतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला, ते १९५९ मध्ये मिळालं. मधल्या काळातल्या पिकअपांच्या पाठीवर "पेटंटसाठी अर्ज केला आहे" अशी चिठ्ठी असायची, आणि त्या चिठ्ठीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आजही त्या धाटणीला पीएएफ म्हणतात. आवाज जाड, गोल, वरची धार थोडी बोथट.

यांच्या अधेमधे आहेत एकावर एक वेढे रचलेले हम न देणारे सिंगल कॉइल, आणि आधी सांगितलेले छोटे हंबकर. मांडवात वाजवणाऱ्या स्ट्रॅटवाल्यांनी पहिल्यांदा यांचाच विचार करावा असं माझं मत. साध्या सिंगल कॉइलची सगळी चमक येत नाही, पण ढोलकी, कीबोर्ड आणि दोन गायकांच्या मागे ती चमक ऐकणार कोण?

ॲक्टिव्ह पिकअप नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, पॉट २५ किलोओमचे लागतात, जॅक स्टीरिओ लागतो, बॅटरीला जागा लागते. मेटल वाजवत असाल तर छान. पहिल्या बदलासाठी मात्र पसारा जास्त.

आकड्यांच्या नादी किती लागायचं

नवखा माणूस किलोओमकडे बघतो, म्हशीच्या दुधाची फॅट बघावी तसा. १६ म्हणजे ८ च्या दुप्पट जोर! तसं नसतं. किलोओम म्हणजे तारेचा रोध. तार बारीक वापरली तर वेढे तेवढेच राहून आकडा फुगतो. एकाच जातीच्या, एकाच तारेच्या दोन पिकअपांची तुलना करायला आकडा उपयोगी, एरवी फक्त अंदाज. सेमूर डंकन या पिकअप कंपनीचा जेबी नावाचा पिकअप १६ किलोओमच्या आसपास, त्यांचाच '५९' नावाचा ब्रिजला ८ च्या आसपास. जेबी जास्त गरम, म्हणजे जास्त जोराचा, आहे हे खरं, पण दुप्पट नाही, आणि त्याचा मधला पट्टा वेगळाच पुढे येतो.

चुंबकाकडे लक्ष द्या. अल्निको म्हणजे ॲल्युमिनिअम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. अल्निको २ मऊ, थोडा सैलसर. अल्निको ५ जोरकस, खालचे-वरचे स्वर ठळक. सिरॅमिक घट्ट आणि धारदार. सिरॅमिक म्हणजे स्वस्त आणि वाईट असा समज आहे. स्वस्त गिटारीत तो वापरतात हे खरं, पण १९७० च्या दशकापासून गाजलेल्या डिमार्झिओ कंपनीच्या सुपर डिस्टॉर्शन या पिकअपमध्येही सिरॅमिकच आहे. वेढे, चुंबक, दांड्या, झाकण, सगळं मिळून आवाज होतो. नुसत्या तिखटावरून मिसळ ठरत नाही.

माझा नवख्यांना एकच हट्टी सल्ला: सगळ्यात गरम पिकअप घेऊ नका. गरम पिकअपवर डिस्टॉर्शन लवकर येतं, पण व्हॉल्यूम कमी करून क्लीन वाजवायला गेलात की आवाज धुरकट होतो. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला एका रात्रीत जुन्या हिंदी गाण्याची नाजूक पिकिंग आणि शेवटी एखादं रॉक सोलो, दोन्ही करावं लागतं. मध्यम जोराचा पिकअप आणि एक बरा ओव्हरड्राइव्ह पेडल, यात दोन्ही भागतं.

आणि तीनही बदलायची गरज नसते. ज्या पिकअपबद्दल वहीत वाक्य आहे, तोच बदला. बहुतेकांच्या बाबतीत तो ब्रिजचा असतो. सेटची किंमत गिटारच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर मी तर ते पैसे बाजूला ठेवीन आणि पुढच्या गिटारला लावीन.

पॉट, कपॅसिटर आणि रंगीत तारा

सिंगल कॉइलला २५० किलोओमचे पॉट, हंबकरला ५००. कमी किलोओमचा पॉट वरची धार थोडी गिळतो. सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये हंबकर टाकला आणि पॉट २५० चेच ठेवले तर "नवा पिकअप कांबळीखाली झाकल्यासारखा वाजतोय" ही तक्रार घेऊन माणूस येतो. टोनचा कपॅसिटर हंबकरला बहुधा ०.०२२ मायक्रोफॅरड, सिंगल कॉइलला ०.०४७. महागड्या कपॅसिटरच्या चर्चेत पडू नका, टोन पूर्ण उघडा असताना फरक जवळपास शून्य.

चार तारांच्या हंबकरमध्ये रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी तार सिग्नलची, पांढरी-लाल एकमेकींना जोडून टेप लावायची, हिरवी आणि उघडी तार अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, काळी-पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी अर्थला. म्हणजे डंकनचा आराखडा बघून डिमार्झिओ जोडलात तर घोटाळा ठरलेला. डब्यातला कागद फेकू नका.

जुना आणि नवा पिकअप एकमेकांशी पटतात का, हे जोडण्याआधी कळतं. पिकअपच्या दोन तारांना मीटर लावा, किलोओमवर. पोल पीसवर लोखंडी स्क्रू ड्रायव्हर आडवा टेकवा आणि झटक्यात उचला. उचलताना आकडा क्षणभर वर जातो की खाली, ते बघा. मग हाच प्रयोग जुन्या पिकअपवर, काड्या त्याच क्रमाने लावून. दोघांचा आकडा एकाच दिशेने हलला तर जमलं. उलट हलला तर दोन्ही एकत्र वाजवताना आवाज पोकळ, नाकातला येईल. तेव्हा एकाच्या दोन तारांची अदलाबदल करा. एकाच तारेचा आणि उघड्या वेष्टणाचा पिकअप असेल तर ही अदलाबदल सरळ होत नाही, म्हणून आधी तपासा.

बसवताना

पहिलं काम फोटो. पिकगार्ड उलटल्यावर चारी बाजूंनी, उजेडात. दुसरं, प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते कागदावर. मग डाख.

सोल्डरिंग स्वतः करायचं असेल तर २५ वॉटचं आयर्न निवडकळीला ठीक, पण पॉटच्या पाठीवर अर्थची तार लावायला ते कमी पडतं. पाठ मोठी, उष्णता पिऊन घेते, माणूस मिनिटभर टेकवून बसतो आणि पॉट आतून भाजतो. तिथे ४० ते ६० वॉटचं घ्या, पाठ सँडपेपरने थोडी खरवडा, तीन-चार सेकंदांत डाख पसरला पाहिजे. चकचकीत आणि पसरट दिसला तर बसला. मण्यासारखा गोल उभा राहिला तर तो नुसता चिकटलाय, उद्या सुटेल.

हात थरथरत असतील तर लाज वाटून घेऊ नका. गल्लीतल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी आयुष्यभर हेच केलंय. त्यांना गिटार कळत नसेल, डाख कळतो. फोटो आणि आराखडा दाखवा, शेजारी बसा, आणि सांगा, "काका, पिकअपच्या बाजूला आयर्न नेऊ नका." चहा सांगायला विसरू नका.

तारा सैल करून काढा, पण ब्रिजकडून आतल्या कप्प्यात आलेली अर्थची तार तोडू नका. खाचेला तांब्याची चिकट टेप लावायची तर आत्ताच, पण ती अर्थला जोडली नाही तर तिचा काही उपयोग नाही, आणि सिग्नलची तार तिला टेकली तर गिटार मुकी.

पिकगार्डचे सगळे स्क्रू घट्ट करण्याआधी केबल लावा, अँप हळू ठेवा, आणि स्क्रू ड्रायव्हरने प्रत्येक पिकअपच्या पोल पीसवर टकटक करा. निवडकळी ज्या जागी आहे त्याच पिकअपमधून टक ऐकू आला पाहिजे. सगळे आले की मगच अकरा स्क्रू लावा. हे न करता अकरा स्क्रू लावून, तारा चढवून, सूर लावून मग "मधला वाजेना" असं मी एकदा नाही, तीनदा केलंय.

नंतर

नवा पिकअप बसला की उंची पुन्हा पहिल्यापासून. जुन्याची मापं याला लागू नाहीत. पहिल्या दिवशी सगळं अप्रतिमच वाटतं, पैसे गेलेले असतात ना. म्हणून आठवडाभर वाजवा, एकदा तरी ज्यांच्याबरोबर वाजवता त्यांच्यासोबत, आणि मग वहीतलं पहिलं वाक्य काढून वाचा.

मिरजेचा तो पोरगा दिवाळीनंतर परत आला होता. या वेळी मोबाइल खिशात, हातात वही. लिहिलं होतं: "मांडवात ब्रिजवर घूं येते, बाकी दोन ठीक." सिंगल कॉइलच्या आकाराचा एक हंबकर, मध्यम जोराचा, ५२ मिलिमीटर मोजून मागवलेला. दुपारभरात बसवला. सिंगल कॉइलसाठीचे २५० चे पॉट तसेच ठेवले, कारण उरलेले दोन पिकअप त्यांच्यावर छान वाजत होते. ब्रिजची थोडी धार गेली, ती त्याला चालली. जुना पिकअप मी बिस्किटाच्या डब्यात टाकला, वर कागदी टेप चिकटवून: ब्रिज, ५.९ किलोओम, चालू.